दोघी टॅक्सीत बसून गेल्या

माझ्या लग्नाला पंचवीसहून जास्त वर्षं झाली, पण एवढ्या काळात माझी आई आणि माझ्या नवऱ्याची आई एका घरात एक रात्रसुद्धा राहिल्या नव्हत्या. त्यांचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर कधीतरी मिटलंही असतं. त्यांच्यात होता तो नुसता आदर. "बसा ना विहीणबाई." "नको, तुम्ही बसा ना." "चहा घ्या." "तुम्ही घ्या आधी." एवढं झालं की दोघी पंख्याकडे बघत बसायच्या.

नवरा गिरगावातला, गोव्याकडच्या ख्रिस्ती घरातला. त्याचे वडील तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. ते मी पाहिलेच नाहीत. माझं माहेर डिलाईल रोडला, चाळीत. बाबा गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका गोदामावर वॉचमन झाले. आम्ही मालवणी. मी ख्रिस्ती मुलाशी लग्न करणार म्हटल्यावर बाबांनी आवाज चढवला नाही की हात उगारला नाही. ते फक्त माझ्याशी बोलायचे थांबले.

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात माझ्या सासूबाई केक घेऊन चाळीत गेल्या. मी त्यांना मम्मी म्हणते. तेव्हा मी ऑफिसात होते, मला काहीच ठाऊक नव्हतं. मम्मी हौसेने गेल्या, ताटलीवर स्वतः विणलेला जाळीदार रुमाल टाकून. बाबा दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून उभे राहिले आणि "ठेवा" म्हणाले. आईने त्यांच्या हाताखालून ताटली आत घेतली. मम्मी गॅलरीत थोडा वेळ थांबल्या आणि जिना उतरून गेल्या. हे मला आईने पुष्कळ वर्षांनी सांगितलं. मम्मींनी तर कधीच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. त्या परत डिलाईल रोडला गेल्या नाहीत, एवढंच.

मुलगी झाली तसे बाबा नरमले. तिला कडेवर घेऊन गॅलरीत फिरवायचे, खालून जाणाऱ्या हातगाड्या दाखवायचे. पण गिरगावला ते शेवटपर्यंत गेले नाहीत, आणि ते गेले नाहीत म्हणून आईही गेली नाही. बाबा वारल्यावर तिला अडवणारं कोणी नव्हतं, पण सवय मोडली नाही. दोघी भेटायच्या त्या आमच्या भोईवाड्याच्या घरी, लेकीच्या वाढदिवसाला. लेक एकीला आजी म्हणायची आणि दुसरीला नाना. त्यांच्याकडे आजीला नाना म्हणतात. आईला ते कधी पटलं नाही. "नाना म्हणजे बाप्या माणूस," ती मला कानात सांगायची. गणपती आईकडे, नाताळ गिरगावात. दोन्हीकडे पोटभर जेवून मी घरी यायचे, आणि दोन्हीकडे अर्धीच असायचे.

मागच्या वर्षी हे सगळं एकदम विस्कटलं. गिरगावातल्या मम्मींच्या इमारतीची दुरुस्ती निघाली, सगळ्या बिऱ्हाडांना खोल्या सोडायला सांगितलं. मम्मी गणपतीच्या सुमारास दोन बॅगा घेऊन आमच्याकडे आल्या. आणि डिसेंबरात आईच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. चाळीत एकटीला कसं ठेवणार? भाऊ दुबईत. मी तिला घेऊन आले.

आमचं घर म्हणजे एक हॉल, एक बेडरूम आणि दोन बायका समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागेल असं स्वयंपाकघर. त्यात मार्गशीर्ष चालू. आई मार्गशीर्षात महिनाभर मच्छी-मटण खात नाही. नाताळ बुधवारी आला होता आणि दुसऱ्याच दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. इकडे मम्मींचा नाताळ म्हणजे आठवडाभर आधीपासून व्हिनेगरात मुरलेलं डुकराचं मटण.

मम्मी मला बेडरूममध्ये गाठून म्हणाल्या, "या वेळी पोर्क नको करूया. तुझ्या आईला वास सहन होणार नाही."

संध्याकाळी आई गॅलरीत म्हणाली, "त्यांना सांग, माझ्यासाठी काही अडवू नका. त्यांचा सण आहे. मी दार लावून बसेन आत."

दोघींनी हे मला सांगितलं, एकमेकींना नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "मला या घरात पगार मिळायला पाहिजे." तो हसला. त्याला हसायला काय जातंय, तो सकाळी आठला निघायचा.

पण एक गोष्ट मी बघत होते. मम्मींनी डिसेंबर लागताच एका पसरट डब्यात माती घालून नाचणी पेरली होती. गोव्याकडे येशूच्या जन्माच्या गोठ्यासाठी असं करतात. नाताळपर्यंत हिरवंगार गवत येतं आणि त्यावर गाई-मेंढरं मांडायची. तो डबा खिडकीत असायचा. आई आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "हे घट बसवल्यासारखं काय आहे?" मी सांगितलं.  तेव्हापासून सकाळी मम्मी चर्चला गेल्या की ती काळा चष्मा लावून खिडकीशी जायची आणि ओंजळीने त्या नाचणीवर पाणी शिंपडायची. मम्मी येऊन पुन्हा पाणी घालायच्या. मला वाटायचं, हे कुजणार. पण तरारून वर आलं.

चोवीस तारखेला मी अर्धा दिवस टाकला होता. दुपारी घरी पोचले तर दार बंद. बेल वाजवली. किल्लीने उघडलं. आत कोणी नाही. ओट्यावर नाताळच्या तळलेल्या कुलकुलांची परात झाकून ठेवलेली आणि हॉलच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या खोक्याचा अर्धवट गोठा. आईला फोन लावला, तर तो सोफ्यामागे चार्जरला लावलेला होता, तिथेच वाजला. मम्मींचा फोन बंद. टेबलावर आईच्या थेंबांची बाटली होती. म्हणजे दुपारचे थेंब राहिलेच.

खाली वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, दोघी सकाळीच गेल्या ना. टॅक्सी मीच थांबवून दिली. काळा चष्मावाल्या आजी आणि तुमच्या मम्मी."

"कुठे गेल्या?"

"ते नाही सांगितलं. बोलल्या, जेवायला परत येऊ."

जेवणाची वेळ टळून गेली होती. आधी वाटलं चर्चला. भोईवाड्यापासून चर्चपर्यंत धावतच गेले. तिथे पोरं दिव्यांच्या माळा लावत होती, दोघींपैकी कोणी नव्हतं. मग मनात दुसरंच आलं. ह्या भांडल्या तर नाहीत? आई रागावून चाळीकडे निघाली, मम्मी तिची समजूत घालायला मागून, असं काही? पण वॉचमन म्हणाला एकाच टॅक्सीत. आईच्या एका डोळ्याची पट्टी सुटून जेमतेम काही दिवस झालेले, दुसऱ्याने तिला धड दिसत नव्हतं. मम्मींना साखर, गुडघे गेलेले, मोठा रस्ता ओलांडताना त्यांना माझा दंड लागतो. या दोघी नाताळच्या गर्दीत एकमेकींच्या भरवशावर कुठेतरी होत्या, आणि एकीकडेही चालू फोन नव्हता.

मी नवऱ्याला कळवलं. तो काळाघोड्याच्या ऑफिसातून निघत होता. "मी गिरगावला बघतो," तो म्हणाला, "तू दादरला बघ. कदाचित बाजारात असतील." त्याचा आवाज नेहमीचाच होता, पण त्याने बाय न म्हणता फोन ठेवला. तो असं कधी करत नाही.

पुण्यात राहणारी लेक तेवढ्यात नाताळसाठी बसने दादरला उतरली होती. मी तिला तिथेच गाठलं. पाठीवर सॅक, हातात केकचा खोका. तिला वाटलं मी घ्यायला आलेय.

"आजी आणि नाना कुठे गेल्यात कळत नाही," मी म्हटलं.

"दोघी? एकत्र?" तिला तेच आधी खरं वाटेना.

आम्ही फुलबाजारातून फिरलो, भाजीगल्लीतून फिरलो, आई नेहमी कापूर-उदबत्ती घेते त्या दुकानदाराला विचारलं. प्रत्येक काळा चष्मा मला आईचा वाटत होता. एका बाईला तर मी दंडालाच धरलं. ती माझ्या अंगावर खेकसली आणि मग माझा चेहरा बघून म्हणाली, "काय झालं गं?"  लेक म्हणाली, "सॉरी काकू, आमची आजी हरवलीय." 'हरवलीय' हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला. तोवर मी तो शब्द मनातसुद्धा आणला नव्हता.

मी फुटपाथवरच्या एका दुकानाच्या पायरीवर बसले. तेवढ्यात नवऱ्याचा फोन.

"दोघी इथे आल्या होत्या."

"कुठे?"

"आमच्या बिल्डिंगमध्ये. काम करणारे सांगतायत. बाराच्या सुमारास आल्या होत्या. वर सोडलं नाही, परांची बांधलीय. मग एक माणूस वर जाऊन पेटी घेऊन आला."

"कसली पेटी?"

"गोठ्याची. मूर्ती असतात ना, पप्पांनी आणलेल्या. ती. पेटी घेतली आणि टॅक्सीत बसून गेल्या. परत जातोय म्हणाल्या."

म्हणजे भांडण नव्हतं. म्हणजे दोघी एकत्र होत्या आणि धडधाकट होत्या, निदान बारा वाजता.  पण गिरगावातून निघून एवढा वेळ? टॅक्सीला काही झालं? गिरगाव ते भोईवाडा रस्त्यात किती हॉस्पिटलं लागतात ती मी मनात मोजू लागले.

लेक माझ्यापेक्षा शांत होती. तिने सॅक खाली ठेवली आणि म्हणाली, "आई, एक सांग. रस्त्यात काही प्रॉब्लेम झाला, तर आजी काय करेल? हॉस्पिटलमध्ये जाईल?"

"छे. हॉस्पिटलला ती घाबरते."

"मग ती कुठे जाईल?"

मी तिच्याकडे बघितलं. टॅक्सी गिरगावातून आली की सात रस्त्याला येते. सात रस्त्यावरून डावीकडे वळलं की डिलाईल रोड.

आम्ही टॅक्सी केली. चाळीच्या तोंडाशी उतरलो. जिना चढताना मी देवाचं नाव घेत होते, आणि कुठल्या देवाचं ते मला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या मजल्यावर वळले आणि गॅलरीच्या टोकाला आमच्या खोलीबाहेर चपलांचे दोन जोड दिसले. एक आईच्या रबरी चपला. दुसरे मम्मींचे बक्कलवाले तपकिरी बूट, जे त्या फक्त बाहेर जाताना घालतात. व्यवस्थित, शेजारी-शेजारी काढून ठेवलेले.

मी गॅलरीतच थांबले. आतून हसण्याचा आवाज येत होता.

आईला मोठ्याने हसताना मी फार थोड्या वेळा ऐकलंय. ती तोंडावर पदर धरून हसते. पण आत ती खळखळून हसत होती, आणि मालवणीत बोलत होती. माझ्याशीसुद्धा ती अशी मालवणी बोलत नाही. ती भाषा फक्त शेजारणींशी, गावच्या माणसांशी. आणि मम्मी तिला कोंकणीत उत्तर देत होत्या. दोघींपैकी एकीलाही काही अडत नव्हतं. इतकी वर्षं या दोघी एकमेकींशी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत आल्या होत्या, 'आपण', 'आपल्याला' करत. आईला वाटायचं ख्रिस्ती बाईशी शुद्ध बोलावं, आणि मम्मींना वाटायचं मराठी विहिणीशी मराठीच बोलावं. दोघींच्या भाषा एकमेकींना कळतात, हे आमच्यापैकी कोणाला सुचलंही नव्हतं.

मी दारात गेले. मम्मी खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या, पाठीला दोन उशा. आई खाली पाटावर, चष्मा कपाळावर चढवलेला. शेजारची काकी पितळीत पेज वाढून देत होती. मला बघून तिघींनी माना वर केल्या.

आणि मी रडायला लागले. दारात उभी राहून, पोरासारखी. काकी उठली. आई म्हणाली, "अगो, कित्या रडतंस? आमी काय बारकी पोरां आसंव?"

"फोन कुठाय तुझा?" मी ओरडले. "फोन घरी ठेवून कुठे फिरतेस? डोळ्याचं ऑपरेशन झालंय तुझं!"

"बरं, ओरड," आई म्हणाली. "आधी पाणी पी, मग ओरड."

लेक मागून आली आणि सरळ मम्मींच्या गळ्यात पडली. मम्मी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "म्हाका किदेंच जावंक ना, बाय. काही नाही झालं मला."

पण झालं होतं. मग हळूहळू सगळं कळलं, दोघी एकमेकींना मध्येच तोडत सांगत होत्या म्हणून वेळ लागला.

सकाळी मम्मी खोक्याचा गोठा करत बसल्या होत्या. आईने विचारलं, मूर्ती कुठे आहेत? मम्मी म्हणाल्या, गिरगावला राहिल्या, यंदा कागदाच्या कापून लावीन. आईला ते काही पटलं नाही. तिचा जन्म गणपतीच्या मखरांत गेलेला. सजावट करून ठेवायची आणि मूर्ती नाही, हे तिला बघवेना. ती म्हणाली, "चला, घेऊन येऊया." मम्मी म्हणाल्या, डोळा? आई म्हणाली, "एक आहे ना." आणि दोघी निघाल्या. मम्मींनी सकाळची साखरेची गोळी घेतली होती, पण गडबडीत नाश्ता केला नव्हता.

पेटी मिळाली. टॅक्सी सात रस्त्याच्या जवळ आली तेव्हा मम्मींना दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. आईला नीट दिसत नव्हतं, पण मम्मींचा हात तिच्या हातात होता आणि तो ओला झालेला तिला कळला. बाबांना शेवटची काही वर्षं साखर होती, हे असं तिने दोनदा पाहिलं होतं. तिने टॅक्सीवाल्याला गाडी थांबवायला लावली, टपरीवरून साखरेच्या पुड्या आणवल्या आणि साखर सरळ मम्मींच्या तोंडात घातली. मग त्याला म्हणाली, डावीकडे घे. टॅक्सीवाला भला माणूस. त्याने आणि चाळीतल्या दोघांनी मिळून मम्मींना खुर्चीत बसवून दोन जिने वर आणलं, आणि ती पेटीसुद्धा.

"मग मला कळवलं का नाही?"

"कशावरून कळवू?" आई म्हणाली. "ह्यांचा फोन बंद पडला. तुझा नंबर कोणाला पाठ आहे? ह्या काकीची सून कामावरून आली की तिच्या फोनमध्ये असेल, म्हणून वाट बघत बसलो."

मी विचार केला, मला तरी आईचा नंबर कुठे पाठ आहे?

नवऱ्याला फोन लावला. "सापडल्या. चाळीत आहेत. दोघी बऱ्या आहेत."  तिकडून रस्त्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "पेज आहे का शिल्लक? मी पण जेवलो नाहीये."

तो येईपर्यंत आम्ही तिथेच बसलो. काकीने आम्हालाही पेज वाढली, वर लोणच्याची फोड. मम्मींचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा झाला होता. त्या खोलीभर बघत होत्या, बाबांच्या फोटोकडे, मांडणीवरच्या डब्यांकडे, खिडकीतल्या तुळशीकडे. मग दाराकडे बोट दाखवून आईला म्हणाल्या, "हांव हांगाच उबी आसलीं. तेव्हा. केक घेऊन."

त्या रागाने म्हणाल्या नाहीत. आपण इथे पूर्वी आलोय, एवढंच सांगावं तसं. मी पितळी खाली ठेवली. लेकीला ती गोष्ट माहीत नव्हती, ती सगळ्यांच्या तोंडाकडे बघायला लागली.

आई म्हणाली, "माका ठावक आसा. म्हणानच तुका आत हाडलंय."

म्हणूनच आत आणलं, हे ऐकून मम्मींनी मान हलवली. आईने त्यांच्या पितळीत आणखी पेज वाढली. एवढंच. मग आई मला म्हणाली, "तुला माहित्येय ही कुठली? हरमलची! आणि तू मला सांगत होतीस, पणजीची म्हणून."

मी पणजीची म्हटलं होतं कारण मलाही गोव्यात पणजीशिवाय फारसं काही माहीत नव्हतं. आईचं गाव आरोंदा. आरोंद्याच्या आणि हरमलच्या मध्ये तेरेखोलची खाडी. खाडीच्या दोन काठांवर या दोघी वाढल्या होत्या. मघाशी त्या हसत होत्या ते कशावर, तर दोघींनी लहानपणी होडीतून पडून मार खाल्ला होता, एकीने या काठाला आणि दुसरीने त्या.

संध्याकाळी घरी आलो. भोईवाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी मम्मींची साखर बघितली, ठीक होती. आईच्या डोळ्याच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, एक वेळचे थेंब चुकल्याने काही होत नाही, आता घाला. मी घातले. घाईत अर्धे गालावर पडले. मम्मींना रात्री चर्चमध्ये मिस्साला जायचं होतं. आम्ही नाही म्हटलं, सकाळी जाऊया. त्यांनी मुकाट्याने ऐकलं. मग जमिनीवर पेटी उघडली. कापसात गुंडाळलेल्या मूर्ती आईने एकेक हातात घेऊन डोळ्याजवळ धरून पाहिल्या. एका मेंढपाळाचं नाक उडालं होतं. "ह्याका मागे ठेव," ती मम्मींना म्हणाली. तिने नाचणीचा डबा गोठ्यासमोर कसा ठेवायचा यावरून मम्मींशी थोडा वादही घातला, आणि त्या वादाचा मला जितका आनंद झाला तितका पूर्वी त्यांच्या गोड बोलण्याचा कधी झाला नव्हता.

नाताळच्या दिवशी सकाळी नवरा, लेक आणि मम्मी चर्चला गेले. आई म्हणाली, मी पण येते. मागच्या बाकावर काळा चष्मा लावून ती शेवटपर्यंत बसली. घरी येऊन मला म्हणाली, "गाणी बरी म्हणतात. पण बसतात-उठतात किती!"

जेवण दोघींनी केलं. मम्मींनी पोर्क नाहीच केलं. त्यांनी कोंबडीची शागुती करायला घेतली आणि खोबरं भाजायला आई उभी राहिली. मी म्हटलं, "आई, मार्गशीर्ष आहे ना?"

"खायचं नाही. भाजायला काय झालं? आणि शागुती काय म्हणता, आमच्यात पण सागोतीच म्हणतात."

ती खोबरं काळसर होईपर्यंत भाजत राहिली. मम्मी म्हणाल्या, पुरे. आई म्हणाली, अजून. मम्मी म्हणाल्या, जळतलें. आई म्हणाली, मग चव कुठून येणार? शेवटी मम्मींनी माघार घेतली. ज्या रश्शाचा थेंबही ती खाणार नव्हती त्याच्यासाठी आई एवढी भांडली. तिच्या स्वतःसाठी काळ्या वाटाण्याची उसळ होती, आणि सगळ्यांसाठी मम्मींचे सान्ना, पांढरेशुभ्र, इडलीसारखे पण गोडसर. आईने ते उसळीबरोबर खाल्ले. पाच माणसं हॉलमध्ये पाट आणि खुर्च्या मिळेल तशा मांडून जेवली. लेक दोन आज्यांच्या मध्ये बसली होती. दोन्हीकडून तिच्या पानात वाढणं चालू होतं. ती "बस, बस" म्हणत राहिली, कोणी ऐकलं नाही.

नवऱ्याने शागुतीचा पहिला घास घेतला आणि थांबला. "मम्मी, आज वेगळी झालीय."

दोघी एकदम त्याच्याकडे बघायला लागल्या.

"चांगली झालीय," तो घाईने म्हणाला.

जेवणं झाल्यावर मी ओटा आवरायला गेले तर मला बाहेर काढलं. नवऱ्यालाही काही काम नव्हतं. आम्ही दोघं खाली उतरलो. भोईवाड्याच्या नाक्यावर रसवाला होता, बाहेर दोन बाकं टाकलेली. आम्ही बसलो. रस मागवला.

तो काही बोलणारा माणूस नाही. पण अर्धा ग्लास झाल्यावर म्हणाला, "काल गिरगावात पेटीचं कळलं ना, तेव्हा मी खाली पायरीवर बसलो. मला वाटलं आता बास. आता दोघी गेल्या. आणि मी त्या दोघींना एका फोटोतसुद्धा नीट बसवलं नाही कधी."

"मी दादरला पायरीवर बसले होते," मी म्हटलं.

तो हसला. मग दोघंही हसलो, फार वेळ, कारण नसताना. रसवाल्याने वळून बघितलं. माझ्या मानेवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. काल दुपारपासूनचं होतं की त्याच्या कितीतरी आधीपासूनचं, मला नीट सांगता येणार नाही.

समोरच्या चाळीत कोणीतरी टीव्ही मोठा लावला होता. चांदणीचा कंदील एका गॅलरीत दिवसाच पेटलेला. रस थंड होता, आल्याचा थोडा जास्तच झणका.

"जाऊया घरी?" त्याने विचारलं.

"बस जरा," मी म्हटलं. "बोलू दे त्यांना."

त्याने रसवाल्याला हात करून आणखी दोन हाफ सांगितले.